विश्लेषण : हिरड्यांच्या आजाराने दात कोणाचे जाणार? धोका आधी कसा मोजतात?

दात दुखला की माणूस दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार मात्र बहुतेक वेळा दुखतच नाही. दात हलू लागेपर्यंत त्याला धरून ठेवणारे हाड बरेच झिजलेले असते आणि ते बहुधा पूर्ववत होत नाही. त्यामुळे ‘आजार आहे का’ याबरोबरच ‘या रुग्णात तो पुढे किती वेगाने वाढेल’ हा प्रश्नही दंतवैद्यकात महत्त्वाचा मानला जातो. हा धोका कसा मोजतात, मधुमेह आणि तंबाखूचा त्यात किती वाटा असतो आणि महाराष्ट्रातील रुग्णाच्या बाबतीत त्यातून कोणती गोष्ट निसटू शकते, याविषयी...

हिरड्यांचा आजार म्हणजे नेमके काय?

याचे दोन टप्पे आहेत आणि त्यांतील फरक समजणे आवश्यक आहे. पहिला टप्पा म्हणजे हिरड्यांची सूज, म्हणजेच जिंजिव्हायटिस. दात व हिरडी यांच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही तर हिरडी लालसर होते, सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. हा टप्पा पूर्ण बरा होतो. डेन्मार्कमधील आर्हूस येथे १९६५ मध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांना सूज येण्यामागे साचलेला थरच असतो, हे या छोट्या प्रयोगाने दाखवून दिले.

दुसरा टप्पा म्हणजे पेरिओडॉन्टायटिस. बोलीभाषेत त्याला ‘पायोरिया’ म्हणतात. यात सूज हिरडीच्या खाली उतरते, दाताला हाडाशी बांधणारे तंतू सुटतात आणि जबड्याचे हाड झिजू लागते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट पडते. तिला ‘पॉकेट’ म्हणतात. तिथे ब्रश पोहोचत नाही. जिवाणूंचा थर टणक होऊन त्याचे कीटण बनते. उपचाराने या टप्प्यावर आजार थांबवता येतो, पण गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मुखआरोग्य अहवालानुसार, जगातील १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. ही संख्या १०० कोटींहून अधिक भरते.

सर्वांनाच घासायला सांगितले तर पुरेसे नाही का?

नाही, कारण सारखीच अस्वच्छता असली तरी प्रत्येकाच्या तोंडात तिचे परिणाम वेगळे होतात. याचा ठळक पुरावा श्रीलंकेतील चहामळ्यांतून आला. हाराल्ड लो यांच्याच गटाने १९७० पासून १५ वर्षे तिथल्या ४८० पुरुष कामगारांच्या हिरड्यांचे निरीक्षण केले. या कामगारांपर्यंत दंतउपचार पोहोचलेलेच नव्हते. जवळपास सर्वांच्या दातांवर थर आणि कीटण होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. म्हणजे सुरुवातीची परिस्थिती बरीचशी सारखी होती.

निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ८ टक्के कामगारांमध्ये आजार झपाट्याने वाढला. ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने सरकत राहिला. उरलेल्या ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. झपाट्याच्या गटात पस्तिशीपर्यंत सरासरी १२ दात गेले, चाळिशीत २० आणि ४५ व्या वर्षी तोंडात एकही दात उरला नाही. मध्यम गटात ४५ व्या वर्षापर्यंत सात दात गेले.

या आकड्यांमधून दोन गोष्टी कळतात. साचलेला थर हे कारण असले, तरी शरीर त्याला कसा प्रतिसाद देते, यावर नुकसान अवलंबून असते. आणि ज्यांना सर्वाधिक धोका असतो त्यांची संख्या कमी असली, तरी त्यांच्या हाती वेळही कमी असतो. सर्वांना एकच सल्ला आणि ‘सहा महिन्यांनी या’ एवढेच सांगितले, तर त्या आठ टक्क्यांसाठी सहा महिने फार होतात आणि अकरा टक्क्यांना तितक्यांदा येण्याची गरजही नसते. म्हणून रुग्ण कोणत्या गटातला आहे, हे आधी ओळखण्याची धडपड सुरू झाली.

तपासणीत काय मोजले जाते?

आरशाने नुसते पाहून हिरड्यांचा आजार पूर्ण कळत नाही. त्यासाठी ‘प्रोब’ नावाची मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई वापरतात. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलक्या हाताने, साधारण २० ते २५ ग्रॅम वजनाइतक्या दाबाने सरकवतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली नोंदवली जाते. अक्कलदाढा सोडून २८ दात असतील तर १६८ नोंदी होतात. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य मानली जाते. पाच किंवा त्याहून अधिक भरली, तर ते पॉकेट घरच्या स्वच्छतेच्या आवाक्याबाहेर गेले असे समजतात.

दुसरी नोंद रक्ताची. प्रोब फिरवल्यावर किती ठिकाणी रक्त येते, याची टक्केवारी काढतात. ती दहाच्या खाली आणि खोली तीन मिलिमीटरच्या आत असेल, तर हिरड्या निरोगी धरल्या जातात. एखाद्या जागी रक्त आले म्हणजे तिथे हाड झिजणारच, असे नाही. मात्र पुन्हा पुन्हा तपासूनही रक्त आले नाही, तर ती जागा स्थिर असल्याची ती बऱ्यापैकी खात्रीची खूण असते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये मात्र ही खूण फसवते. ते पुढे येईलच.

तिसरी नोंद अनेकदा राहून जाते. हिरडी मुळाच्या दिशेने सरकली असेल, तर पॉकेट उथळ दिसते. समजा, खोली तीनच मिलिमीटर आहे, पण हिरडी आपल्या मूळ जागेपासून चार मिलिमीटर खाली गेली आहे. मग दाताचा आधार प्रत्यक्षात सात मिलिमीटरने कमी झालेला असतो. म्हणून केवळ खोली न पाहता दोन्हींची बेरीज पाहावी लागते. याशिवाय दात हलतो का, दाढेच्या मुळांमधली फट उघडी पडली आहे का, याची तपासणी होते आणि क्ष-किरण चित्रावरून हाडाची उंची पाहिली जाते.

आजाराचा वेग कसा ओळखतात?

आज किती नुकसान झाले आहे आणि ते किती वेगाने झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकन आणि युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन केलेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्गीकरण या दोन प्रश्नांना स्वतंत्र उत्तरे देते. नुकसानीसाठी एक ते चार असे टप्पे आहेत आणि वेगासाठी अ, ब, क अशा श्रेणी.

वेग काढण्याची एक सोपी रीत आहे. ज्या दाताचे हाड सर्वाधिक झिजले आहे, तिथे मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेले, हे क्ष-किरण चित्रावरून काढायचे आणि त्याला रुग्णाच्या वयाने भागायचे. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आले तर वेग मंद, ०.२५ ते १ मध्ये आले तर मध्यम आणि एकच्या वर गेले तर जलद.

समजा, दोन रुग्णांचे हाड सारखेच, ३० टक्के झिजले आहे. एकाचे वय ६० आहे. तीस भागिले साठ म्हणजे ०.५, वेग मध्यम. दुसरा २५ वर्षांचा आहे. तीस भागिले पंचवीस म्हणजे १.२, वेग जलद. चित्रात दोघांचे नुकसान एकच दिसते, पण पहिल्याला तिथवर यायला सहा दशके लागली आणि दुसऱ्याला अडीच. दुसऱ्याच्या पुढे अजून अख्खे आयुष्य आहे. त्यामुळे उपचाराची घाई त्याच्या बाबतीत अधिक असते. तरुण वयात ‘थोडेसेच हाड गेले आहे’ हा दिलासा म्हणूनच फसवा ठरू शकतो.

या आकड्यावर दोन गोष्टींचा भार पडतो, धूम्रपान आणि मधुमेह. दिवसाला दहापेक्षा कमी सिगारेटी ओढणारा किमान मध्यम श्रेणीत आणि दहा किंवा अधिक ओढणारा थेट जलद श्रेणीत मोजला जातो. मधुमेह असेल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी सातच्या खाली असेल तर मध्यम, सात किंवा अधिक असेल तर जलद.

‘धोक्याचा षटकोन’ काय आहे?

एकदा उपचार झाले की रुग्णाला पुन्हा केव्हा बोलवायचे, हे ठरवण्यासाठी निक्लाउस लँग आणि मॉरिझिओ टोनेट्टी यांनी २००३ मध्ये एक तक्ता मांडला. तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. मध्यापासून सहा रेषा निघतात आणि प्रत्येक रेषेवर एक घटक असतो : रक्त येणाऱ्या जागांची टक्केवारी, पाच मिलिमीटर किंवा अधिक खोलीची उरलेली पॉकेट, गेलेले दात, हाडाची झीज भागिले वय, मधुमेहासारखे शरीराचे आजार आणि धूम्रपान. सहाही बिंदू जोडले की षटकोन तयार होतो. तो जितका मोठा, तितका धोका अधिक.

नियम असा : सर्व घटक कमी धोक्याच्या पट्ट्यात असतील किंवा फार तर एखादा मध्यम पट्ट्यात असेल, तर रुग्ण कमी धोक्याचा. दोन किंवा अधिक घटक मध्यम पट्ट्यात आणि जास्तीत जास्त एक उच्च पट्ट्यात असेल, तर धोका मध्यम. दोन किंवा अधिक घटक उच्च पट्ट्यात गेले, की धोका मोठा.

उदाहरणादाखल, ५० वर्षांचा एक रुग्ण घेऊ. तोंडात २६ दात, म्हणजे १५६ जागा. त्यांपैकी १९ ठिकाणी रक्त आले, म्हणजे सुमारे १२ टक्के. हा आकडा मध्यम. पाच पॉकेट खोल उरली आहेत, तीही मध्यम. दोन दात गेलेत, ते कमी. हाड ४० टक्के झिजले आहे. वयाने भागल्यावर ०.८, तेही मध्यम. मधुमेह आहे, म्हणून तो घटक उच्च. धूम्रपान नाही. एकच घटक उच्च असल्याने एकूण धोका मध्यम ठरतो. हाच रुग्ण दिवसाला सिगारेटचे वीसचे पाकीट संपवत असता, तर दोन घटक उच्च झाले असते आणि बाकी सर्व आकडे तेच राहूनही तो मोठ्या धोक्याच्या गटात गेला असता.

षटकोनाचा खरा उपयोग इथे दिसतो. वय, गेलेले दात आणि झिजलेले हाड बदलता येत नाही. रक्त, पॉकेट आणि धूम्रपान या तीन रेषा मात्र उपचाराने आणि रुग्णाच्या प्रयत्नाने आत ओढता येतात. साखर नियंत्रणात आणणे तक्त्यावर दिसले नाही, तरी प्रत्यक्ष हिरडीवर त्याचा परिणाम होतो.

मधुमेहाचा हिरड्यांशी काय संबंध?

साखर वाढलेली राहिली की जिवाणूंविरुद्ध लढणाऱ्या पेशींचे काम बिघडते, सूज गरजेपेक्षा जास्त काळ टिकते आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे मधुमेहींमध्ये हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट आढळतो. हा वाढीव धोका मुख्यतः साखर अनियंत्रित असलेल्यांना असतो, हेही महत्त्वाचे आहे.

नाते उलट दिशेनेही चालते. हिरड्यांतील दीर्घकाळची सूज साखर नियंत्रणात अडथळा आणते. मधुमेही रुग्णांमध्ये हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४ ने खाली आल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. म्हणजे ८.४ असलेला आकडा आठच्या आसपास येऊ शकतो. मधुमेहाचे औषध बंद करण्याइतका हा बदल नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

भारतात ही बाब किरकोळ नाही. आयसीएमआरच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार, देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अनेकांना आपल्याला मधुमेह असल्याचे माहीतच नसते. वारंवार हिरडीला गळू येणे किंवा तरुण वयात अचानक अनेक दात हलू लागणे ही काही वेळा त्याची पहिली खूण ठरते. अशा वेळी दंतवैद्य रक्तातील साखर तपासायला सांगतात, ते यासाठीच.

तंबाखू खाणाऱ्यांचा धोका या मोजणीत येतो का?

पुरेसा येत नाही आणि महाराष्ट्रासाठी हाच कळीचा मुद्दा आहे. वर सांगितलेल्या दोन्ही मोजपट्ट्या सिगारेटी मोजतात. महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः तोंडात ठेवली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यात विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ‘धूम्रपान करता का’ एवढाच प्रश्न विचारला, तर चुना लावून तंबाखू मळणारा शेतकरी, गुटख्याची पुडी खाणारा चालक आणि सकाळी मशेरी लावणारी गृहिणी हे तिघेही खरे उत्तर देतात, ‘नाही’. आणि तक्त्यावर तिघेही कमी धोक्याच्या बाजूला जातात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू खाण्याची सवय त्याने संपलेली नाही.

तंबाखूचा बार जिथे रोज भरला जातो, तिथली हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडे पडते. तिथे पॉकेट उथळच भरते. त्यामुळे फक्त खोली मोजली, तर ती जागा निरोगी वाटू शकते. वर सांगितलेली तीन अधिक चार अशी बेरीज इथे करावीच लागते. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच असते. ती ‘दात घासण्याची पूड’ म्हणून वापरली जात असल्याने अनेक बायकांना आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. म्हणून दंतवैद्याने ‘तंबाखू खाता का’ याबरोबर ‘दात कशाने घासता’ हे विचारणे आवश्यक ठरते. शिवाय अशा रुग्णाच्या तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे आहेत का, तोंड पूर्ण उघडते का, हेही त्याच वेळी पाहिले जाते, कारण तिथे प्रश्न केवळ दातांचा नसून कर्करोगाचाही असतो.

धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, सूज व लालीही कमी दिसते. रुग्णाला आणि काही वेळा तपासणाऱ्यालाही हिरड्या ठीक वाटतात. आत मात्र हाड झिजत असते. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येणे वाढू शकते. ‘सोडले आणि दात बिघडले’ असे वाटून काही जण पुन्हा सुरू करतात. प्रत्यक्षात, दबलेली लक्षणे उघडी पडत असतात आणि हिरडीचा प्रतिसाद पूर्ववत होत असतो.

आणखी कोणत्या बाबी विचारात घेतात?

आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई-वडिलांचे किंवा भावंडांचे दात कमी वयात हलून पडले असतील, तर ते दंतवैद्याला सांगावे. कीड लागून काढलेले दात आणि न किडता हलून पडलेले दात यात फरक करावा. धोका मोजताना दुसऱ्या प्रकाराला महत्त्व असते. लाळेवरून किंवा जनुकांवरून धोका सांगणाऱ्या चाचण्या काही ठिकाणी उपलब्ध आहेत, पण प्रोब आणि क्ष-किरण चित्राची जागा त्यांनी घेतलेली नाही.

काही औषधांनी हिरडी वाढते. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन आणि अम्लोडिपिन, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन ही त्यातली प्रमुख. वाढलेल्या हिरडीखाली स्वच्छता कठीण होते. औषध स्वतःहून बंद करू नये. दंतवैद्य आणि मूळ डॉक्टर यांनी मिळून त्यावर निर्णय घ्यायचा असतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. ‘बाळंतपणानंतर पाहू’ म्हणून ते टाळले जाते, पण दात स्वच्छ करून घेणे या काळात सुरक्षित मानले जाते. दाटीवाटीने आलेले वेडेवाकडे दात, कडा उंच राहिलेली कॅप किंवा फिलिंग, तोंड कोरडे पडणे यांमुळेही एखाद्या जागेचा धोका वाढतो.

धोका कळल्यानंतर पुढे काय?

पहिला परिणाम दिसतो तो पुढील भेटीच्या तारखेत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००४ मध्येच सर्वांसाठी सहा महिन्यांचा सरसकट नियम सोडून प्रौढांसाठी तीन महिने ते दोन वर्षे असा पल्ला सुचवला आणि नेमका कालावधी धोक्यावरून ठरवायला सांगितले. पेरिओडॉन्टायटिसचे उपचार झालेल्यांसाठी युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तीन ते बारा महिन्यांचे अंतर सांगतात. मोठ्या धोक्याचा रुग्ण साधारण दर तीन महिन्यांनी पाहिला जातो.

उपचारांची सुरुवात बहुधा सारखीच असते : दातांमधल्या फटी स्वच्छ करण्याची सवय, कीटण काढणे आणि पॉकेट असतील तिथे हिरडीखालील मूळ साफ करणे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सर्व आकडे पुन्हा मोजतात. खोल पॉकेट तरीही उरली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ही दुसरी मोजणी टाळली गेली, तर उपचार लागू पडला की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही समजूत अजूनही घट्ट आहे. तिच्यामागे एक खरा अनुभव आहे. हाड झिजलेल्या दातांना कीटणाचा जाड थर एकमेकांशी जोडून धरत असतो. तो काढला की दात हलताना जाणवतात आणि त्यांच्यातील फटी दिसू लागतात. पण हाड आधीच गेलेले असते. कीटण तसेच ठेवले तर उरलेले हाडही जाते.

हे अंदाज कितपत भरवशाचे?

मोठ्या धोक्याच्या गटातील रुग्णांचे दात पुढील काही वर्षांत अधिक प्रमाणात गेले, असे या तक्त्यांवर झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे गटाचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. एका माणसाचा एक विशिष्ट दात केव्हा पडेल, हे मात्र त्यातून सांगता येत नाही. नियमित येणारा, सवय बदलणारा रुग्ण मोठ्या धोक्याच्या गटात असूनही दात टिकवू शकतो. कमी धोक्याचा माणूस दहा वर्षे फिरकलाच नाही, तर त्याचा षटकोन बदलू शकतो. शिवाय ही साधने प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील तज्ज्ञांनी मांडलेली आहेत. तंबाखूच्या बाबतीत दिसते तसे, इथल्या सवयी दंतवैद्याने त्यात स्वतःहून धरणे गरजेचे असते.

रुग्णाने काय करावे?

घरी ओळखता येतील अशा खुणा थोड्या आहेत : ब्रश करताना किंवा पेरू, मक्याचे कणीस असे काही चावताना रक्त येणे, तोंडाची दुर्गंधी न जाणे, दात पूर्वीपेक्षा लांब दिसणे, नव्या फटीत अन्न अडकणे, पुढचे दात पसरणे किंवा हलणे, हिरडीतून पू येणे. यातील एकही खूण असेल, तर दुखण्याची वाट पाहू नये. तंबाखू किंवा विडी-सिगारेट घेणाऱ्यांनी रक्त येत नसले तरी तपासणी करून घ्यावी.

दवाखान्यात जाताना एचबीए१सीचा ताजा अहवाल, चालू औषधांची यादी आणि असल्यास दातांचे जुने क्ष-किरण चित्र सोबत न्यावे. जुने चित्र विशेष मोलाचे असते. आजच्या चित्राशी तुलना केली की झिजेचा वेग थेट दिसतो, वयाने भागण्याचा अंदाज लावावा लागत नाही. मशेरी, तपकीर, सुपारी यांसह सर्व सवयी सांगाव्यात. तपासणीनंतर चार प्रश्न विचारावेत : पाच मिलिमीटर किंवा अधिक खोलीची पॉकेट किती आहेत, किती टक्के ठिकाणी रक्त आले, हाड किती झिजले आहे आणि पुढील तपासणी नेमकी केव्हा. उत्तरे लिहून घ्यावीत, म्हणजे दवाखाना बदलला तरी नोंद हाती राहते.

खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबईत महापालिकेच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहेत आणि खासगी दवाखान्यांच्या तुलनेत तिथे कमी खर्चात उपचार होतात. १६८ जागांची संपूर्ण नोंद घ्यायला वेळ लागतो आणि ती थोडी कंटाळवाणीही असते. पण तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेल्या नोंदीशी ती ताडून पाहिली, की आजार थांबला आहे की पुढे सरकतो आहे, हे दात हलण्याआधीच कळते.